हरणाऱ्याचा तवा

मित्रांनो, गोड बोलून सुरुवात करणं मला जमत नाही. जन्मभर माझ्याखाली कुणी ना कुणी जाळच लावत आलं, तेव्हा स्वभाव जरा तापट असायचाच. मी एक जुना लोखंडी तवा आहे. तुमच्या घरातल्या पोळीच्या तव्यासारखा गोल नाही, तर लांबट, चौकोनी, एका वेळी अठरा पॅनकेक भाजता येतील एवढा. अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लुंड काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, गावच्या सभागृहाच्या जिन्याखाली सध्या माझा मुक्काम आहे. एका बाजूला मोडक्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला नाताळच्या दिव्यांचं खोकं. अंगावर गंज चढला आहे. पण तुम्हाला सांगायचं आहे ते गंजाबद्दल नाही.

मला घडवलं स्टॅश ब्रुस्की नावाच्या ओतकाम करणाऱ्या माणसाने. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. स्टॅश आमच्या काउंटीतल्या पक्षाचा अध्यक्षही होता. आमच्याकडे नोव्हेंबरातल्या निवडणुकीआधी, ऑगस्टमध्ये, प्रायमरी होते. म्हणजे एकाच पक्षाची माणसं एकाच जागेसाठी आधी आपसांत लढतात आणि जिंकेल तो पुढे दुसऱ्या पक्षाशी लढतो. त्या वर्षी दोन दूधवाले शेतकरी आपसांत असे लढले, की एकाने दुसऱ्याच्या गोठ्यावर रात्रीतून लाल रंग फासला. दोघे एकमेकांचे मेहुणे होते, बरं का! चर्चमध्ये दोन्ही घरं वेगवेगळ्या बाकांवर बसायला लागली. नोव्हेंबरात पक्षाची अर्धी माणसं रुसून घरी राहिली आणि जागा गेली ती गेलीच.

स्टॅश फार बोलणारा माणूस नव्हता. त्याने नांगराचे मोडके फाळ आणि एका ट्रॅक्टरचं भंगार वितळवलं आणि मला ओतलं. मग पक्षाच्या सभेत मला टेबलावर ठेवून नियम सांगितला. प्रायमरीनंतरच्या शनिवारी सकाळी सगळ्यांनी इथे न्याहारीला यायचं. हरणाऱ्याने एप्रन बांधून पॅनकेक भाजायचे. जिंकणाऱ्याने पहिला पॅनकेक त्याच्यासमोर उभं राहून, शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचा. तोवर बाकी कुणी ताटलीला हात लावायचा नाही.

लोक आधी हसले, पण मग ते रूढच झालं. मी कितीतरी हरलेले हात पाहिले आहेत. कुणाचे पीठ सांडायचे, कुणाचे उगाच जोरात चालायचे. चौऱ्याहत्तर साली हार्वी झॅस्ट्रो नऊ मतांनी हरला. त्याने पहिला पॅनकेक मुद्दाम कोळशासारखा काळा होईपर्यंत भाजला आणि जिंकलेल्या लव्हॉन मास्तरीणबाईंच्या ताटलीत टाकला. बाईंनी त्यावर मेपलचा पाक ओतला, सगळा खाल्ला आणि म्हणाल्या, "हार्वी, मीठ जरा कमी आहे." सभागृह हसून हसून लोळलं. दुसरी कॉफी होईपर्यंत दोघं नोव्हेंबरच्या प्रचाराला कोणत्या गावाला कुणी जायचं ते ठरवत होते. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू!

स्टॅशनंतर त्याची मुलगी ओपल पक्षाची चिटणीस झाली. माझी सगळी निगा तीच राखायची. न्याहारी संपली की मी कोमट असतानाच कोरड्या फडक्याने पुसायची, तेलाचा हात फिरवायची. साबण घेऊन कुणी माझ्याजवळ आलं की तिचा आवाज चढायचा. ओपलचं दुसरं वेड म्हणजे समान वागणूक. एका उमेदवाराला दोन खुर्च्या दिल्या, की दुसऱ्याला दोनच. प्रचार सुरू होण्याआधी ती दोन्ही उमेदवारांना सभागृहाच्या स्वयंपाकघरात बोलवायची आणि माझ्या शेजारच्या ओट्यावर एका कागदावर सह्या घ्यायची. त्यात लिहिलेलं असायचं, की समोरच्याच्या कामावर हवं ते बोला, त्याच्या घरात शिरू नका.

आता कर्टिस हेगी आणि आर्डिस नायगार्ड यांच्याबद्दल सांगतो. गोष्ट त्यांचीच आहे.

कर्टिसचा चीजचा कारखाना होता. आर्डिस शाळेत परिचारिका होती आणि काउंटीच्या मंडळावर निवडून आलेली होती. वीस वर्षं दोघं या न्याहारीला शेजारी शेजारी उभी राहिली. ती अंडी फोडायची, तो पीठ ढवळायचा. राज्याच्या विधानसभेसाठी कर्टिस दोनदा प्रायमरीला उभा राहिला आणि दोनदा हरला. दोन्ही वेळा एप्रन बांधून माझ्यासमोर आला. दुसऱ्या वेळी सगळे पांगल्यावर त्याने एप्रनची गाठ सोडवता सोडवता म्हटलं, "तिसऱ्यांदा हा मी बांधणार नाही बघ, आर्डिस."

"मग जिंक की बाबा," ती हसून म्हणाली. "तुला अडवलंय कुणी?"

तो हसला नाही. मला ते दिसलं, तिला दिसलं नाही. ती तेव्हा वाकून अंड्यांची टरफलं गोळा करत होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आर्डिसच्या नवऱ्याला, पामरला, कॅन्सरने गाठलं. सहा आठवडे कर्टिस रोज पहाटे त्यांच्या गोठ्यावर जाऊन गाईंच्या धारा काढायचा. आर्डिस रात्र रात्र पामरच्या उशाशी बसायची. फेब्रुवारीत मंडळाची बैठक आमच्याच सभागृहात होती आणि त्या दिवशी काउंटीचा वृद्धाश्रम बंद करायचा की चालू ठेवायचा यावर मत पडणार होतं. स्वयंपाकघर आणि सभागृह यांच्यामध्ये वाढायची एक खिडकी आहे, तिच्यातून मला सगळं दिसायचं. आर्डिस आली. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकायच्या मिठावर कुणीतरी लांबलचक अहवाल वाचत होतं, त्यात तिचा डोळा लागला. मान एका बाजूला कलली, तोंड किंचित उघडं पडलं. मागच्या रांगेतून कर्टिस उठला आणि त्याने आपला कोट हळूच तिच्या अंगावर घातला. ओपलला ते दृश्य आवडलं, म्हणून तिने फोटो काढला. अहवाल संपला तशी आर्डिस दचकून जागी झाली, वृद्धाश्रमाच्या बाजूने मत दिलं आणि तो एका मताने वाचला. चार दिवसांनी पामर गेला.

पुढच्या वर्षी विधानसभेची जागा पुन्हा रिकामी झाली. वृद्धाश्रमातल्या लोकांनी आर्डिसला गळ घातली. ती आधी कर्टिसच्या घरी गेली, त्याला विचारलं. ओपल सांगत होती, की तो म्हणाला, "उभी राहा की. आपण काय परके आहोत?" दोघांनी ओट्यावर एकाच पेनाने सह्या केल्या. ओपलने नेहमीप्रमाणे दोघांनाही पक्षाच्या खोक्यातल्या सगळ्या फोटोंची प्रचारासाठी एकेक प्रत दिली. एकाला द्यायची आणि दुसऱ्याला नाही, हे तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. खोक्यात काय काय आहे ते मात्र तिने पुन्हा पाहिलं नाही.

जुलैच्या शेवटी कर्टिस एका तरुण माणसाला घेऊन स्वयंपाकघरात आला. तो राजधानीतून, मॅडिसनहून, पैसे देऊन आणलेला प्रचारवाला होता. ब्राइस त्याचं नाव. त्याने कॉफी ओतून घेतली आणि आपला लॅपटॉप सरळ माझ्या पाठीवर उघडला.

"सर, तुम्ही सहा टक्क्यांनी मागे आहात," ब्राइस म्हणाला. "चीज आणि हसरे चेहरे यांनी ते भरून निघणार नाही. हा फोटो बघा. सोनं आहे, सोनं!"

कर्टिसने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अरे, ती त्या दिवशी... तिचा नवरा घरी..."

"झोपली होती की नव्हती?"

"झोपली होती, पण..."

"मग यात खोटं काय आहे? फोटो खरा, बैठक खरी, तारीख खरी. एक अक्षर खोटं नाही, सर. फक्त मानेपासून वरचं ठेवू. तो कोट कशाला मध्ये!"

"आम्ही कागदावर सही केलीय."

"त्यात घरात शिरू नका म्हटलंय ना? ही तर सभागृहात आहे." ब्राइसने कप खाली ठेवला. "नाहीतर राहू द्या. एप्रन तयारच असेल तुमचा."

हे शेवटचं त्याला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक! कर्टिसने खिडकीतून रिकाम्या सभागृहाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुला काय करायचं ते कर. मला दाखवत बसू नकोस."

मला हात असते तर तो लॅपटॉप मी त्याच क्षणी खाली ढकलून दिला असता. पण मी थंड पडलेलो होतो आणि तव्याला कोण विचारतो?

आठवड्याभरात ते कार्ड घराघरांतल्या पत्रपेटीत पडलं. झोपलेल्या आर्डिसचा चेहरा, उघडं तोंड आणि खाली मोठ्या अक्षरांत: "तुमच्या पैशांवर झोप कोण काढतंय?" ओपल कार्ड घेऊन स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीत मटकन बसली. तिच्या दुसऱ्या हातात मूळ फोटो होता. दोन्ही ओट्यावर ठेवून ती पाहत राहिली. थोड्या वेळाने आर्डिस आली.

"माझ्यामुळे झालं गं," ओपल म्हणाली. "मीच दिला हा फोटो. दोघांना सारखं, दोघांना सारखं करत बसले."

"तू नियमाने वागलीस."

"मग आता तू बोल! दोन ओळी लिहून दे पेपरात. नवरा मरणाच्या दारात होता म्हणावं. हा फोटो छाप, कोटासकट. लोकांना कळू दे कुणाचा कोट आहे तो!"

आर्डिसने फोटो उचलला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते पडू दिलं नाही.

"पामरच्या आजारपणावर मतं नको मला," ती म्हणाली. "आणि कोट ज्याचा आहे त्याला ठाऊक आहे, ओपल. गुरुवारी तो इथे येणारच आहे. तो बोलेल."

तिचा खरंच विश्वास होता, मित्रांनो. मला ते सगळ्यात जास्त लागलं.

मतदान मंगळवारी होतं. त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी सभागृहात दोन्ही उमेदवारांची प्रश्नोत्तरं होती. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. आमच्याकडची माणसं तशी तोंडावर कुणाला वाकडं बोलत नाहीत, पण एकाने विनोद केला की बाकीच्यांना हसायला सोपं जातं. मधल्या रांगेतला एक जाडजूड शेतकरी उठला.

"आर्डिसबाई, मॅडिसनला तुमच्यासाठी खुर्ची मागवायची की खाट?"

हशा पिकला. आर्डिस उभी राहिली. तिने आधी कर्टिसकडे पाहिलं. तो टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत होता.

"मी त्या दिवशी दमलेली होते," ती म्हणाली आणि थांबली. सगळ्यांना वाटलं ती पुढे काही बोलेल. ती खाली बसली.

सभा चालवत होती ओपल. तिने नियम मोडला. आयुष्यात पहिल्यांदाच मोडला असेल. प्रश्न आर्डिसला होता, तरी ती वळून म्हणाली, "कर्टिस, तुला यावर काही सांगायचं आहे?"

त्याने माईक हातात घेतला. मला खिडकीतून त्याचा अंगठा दिसत होता, माईकच्या बटणावरून तो मागेपुढे फिरत होता. सहा आठवडे पहाटे धारा काढणारे तेच हात होते. मी मनात म्हणत होतो, बोल रे, बोल. इतका वेळ गेला, की कुणीतरी खोकलं.

"ते मतदारांनी ठरवावं," कर्टिस म्हणाला.

मग पुढचा प्रश्न आला, पुलाच्या दुरुस्तीचा.

शुक्रवार गेला, शनिवार, रविवार, सोमवार गेला. कर्टिस कुठेही काही बोलला नाही. मंगळवारी तो एकशे चार मतांनी जिंकला.

शनिवारी सकाळी ओपलने मला चुलीवर चढवलं, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. "ती येणार नाही. का यावं तिने?" असं ती स्वतःशीच पुटपुटत होती. सहा वाजता दार वाजलं आणि आर्डिस आत आली. घरून आपलं उलथनं घेऊन आली होती. एप्रन डोक्यातून घातला, गाठ मारली.

"तू नसतं केलंस तरी कुणी काही म्हटलं नसतं," ओपल म्हणाली.

"मला ठाऊक आहे," आर्डिस म्हणाली. "पीठ कुठे आहे?"

पहिला पॅनकेक तिने माझ्या बरोबर मध्यावर ओतला. इतकी वर्षं मी काम केलं, पण तेवढ्या निगुतीने कुणी पॅनकेक भाजला नसेल. कडा सोनेरी झाल्या, बुडबुडे फुटले, तिने तो उलटला. हार्वी झॅस्ट्रोसारखा जाळला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. जाळला असता तर त्यात थोडी तरी जवळीक असती.

कर्टिस ताटली घेऊन समोर आला. मागे शंभरेक माणसं उभी होती. तिने पॅनकेक त्याच्या ताटलीत ठेवला.

"अभिनंदन," ती म्हणाली.

"आर्डिस," तो म्हणाला. "मी गुरुवारी बोलायला हवं होतं."

"हो."

"मी आत्ता सांगतो. सगळ्यांसमोर, इथेच."

"तुझी मर्जी," ती म्हणाली. "पण आता सांगशील ते माझ्या काही उपयोगाचं नाही, कर्टिस. तुला हलकं वाटावं म्हणून सांग."

त्याने सांगितलं. ताटली हातात धरूनच तो वळला आणि सगळं सांगितलं. पामरचं आजारपण, रात्रीची जागरणं, वृद्धाश्रमाचं मत, स्वतःचा कोट. कार्ड निघायच्या आधी आपल्याला ठाऊक होतं हेही सांगितलं. सांगताना तो रडला. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्याने वाजवली. बघता बघता सगळे टाळ्या वाजवायला लागले. "चूक कबूल करायला मोठं मन लागतं," असं एक बाई म्हणाली. खाटेचा विनोद करणारा शेतकरी पुढे आला आणि त्याने कर्टिसची पाठ थोपटली. तिच्याकडे कुणी गेलं नाही. लाज वाटली असेल त्यांना, मी तसंच समजतो.

आर्डिस पुढचे अठरा पॅनकेक ओतत होती. तिने त्या सकाळी शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांना भाजून वाढलं. मग ओपलच्या हातातून फडकं घेऊन मला पुसलं, तेलाचा हात फिरवला, एप्रनची घडी केली आणि गेली. मंडळाचा राजीनामा तिने सोमवारी टपालाने पाठवला. त्या दिवसानंतर ती या सभागृहात आली नाही.

कर्टिस नोव्हेंबरात निवडून आला. वाईट आमदार होता असं कुणी म्हणत नाही. पण त्या पुढच्या, दुसऱ्या एका जागेच्या प्रायमरीत ज्यांचं नाव चांगलं होतं त्यांच्यापैकी कुणी उभंच राहायला तयार होईना. "आपला फोटो कशाला द्यायचा त्यांच्या हातात?" असं म्हणायचे. जे दोघे उभे राहिले त्यांनी ओपलच्या कागदावर सही केली नाही आणि पहिल्याच आठवड्यात एकमेकांची पोरंबाळं काढली. हरलेला शनिवारी आलाच नाही. दहा-बारा माणसं कॉफी पिऊन निघून गेली. ओपलने मला तापवलंही नव्हतं. त्याच दिवशी मी जिन्याखाली आलो, त्याला आता सहा वर्षं झाली.

मागच्या महिन्यात ओपल खुर्च्या मोजायला खाली आली होती, सोबत कर्टिस होता. निवृत्त झाला आहे, पाठ वाकली आहे. तो जिन्याच्या पायरीवर बसला. आमच्याकडे गावाबाहेरच्या रस्त्यावर समोरून गाडी आली, की ओळखीचा असो वा नसो, स्टिअरिंगवरून एक बोट उचलून सलाम करतात.

"काल आर्डिस भेटली रस्त्यावर," कर्टिस म्हणाला. "तिने बोट उचललं. अजून उचलते ती."

ओपल खुर्च्या मोजायची थांबली. "ती सगळ्यांनाच उचलते, कर्टिस," ती म्हणाली.

तो माझ्याकडे पाहत बसला आणि मग कठड्याला धरून हळूहळू वर गेला.

मित्रांनो, मला कुणी घासून पुसून पुन्हा चुलीवर चढवलं तर मला आनंदच होईल. नाही चढवलं तरी मी लोखंड आहे, पडून राहीन. तुमच्याकडे माझं मागणं निराळं आहे. कधीतरी तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत, तुमच्यासमोर कुणाची तरी अर्धी गोष्ट सांगितली जाईल आणि सगळे हसतील. उरलेली अर्धी गोष्ट एकट्या तुम्हालाच ठाऊक असेल. ती सांगितली तर तुम्ही हरालही कदाचित. तरी तेव्हाच उभे राहा, आवाज कापला तरी चालेल, आणि सांगून टाका. कर्टिसला त्यासाठी एक मिनिट पुरलं असतं. त्याच्याकडे पाच दिवस होते.